सदाफुली, नरक्या, हळद आणि कर्करोग: लागवडीआधी आणि काढा पिण्याआधी हे वाचा

"सदाफुली कॅन्सरवर चालते म्हणतात, मग दोन एकर लावू का?" "लक्ष्मणफळाची रोपे घ्या, पाने आम्हीच विकत घेऊ, असे सांगणारे लोक गावात आले होते, खरे आहे का?" "घरात कॅन्सरचा पेशंट आहे, हळदीचे प्रमाण किती ठेवावे?" नागपूर, वर्धा, यवतमाळ भागात औषधी वनस्पतींचा विषय निघाला की हे तीन प्रश्न हमखास येतात. पहिले दोन पैशाचे आहेत, तिसरा जिवाचा आहे. मात्र तिन्हींमागे एकच समजूत आहे: ज्या झाडापासून औषध बनते, ते झाडच औषध. ही समजूत कुठे बरोबर आहे आणि कुठे महागात पडते, ते या लेखात पाहू.

थोडक्यात:

• कर्करोगावरील काही महत्त्वाची औषधे खरोखर वनस्पतींपासून मिळतात. सदाफुली आणि सह्याद्रीतील नरक्या ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत.
• या वनस्पतींत औषधी घटक अत्यल्प असतो आणि त्यासोबत विषारी घटकही असतात. त्यामुळे पाने चावणे किंवा काढा पिणे म्हणजे उपचार नव्हे.
• हळद आणि लक्ष्मणफळ यांपासून कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध आजपर्यंत तयार झालेले नाही.
• खरेदीदाराचा लेखी करार हातात आल्याशिवाय या पिकांखाली क्षेत्र घालू नये.

वनस्पतीत हे घटक येतात कुठून?

झाडाला पळता येत नाही. कीड, बुरशी आणि जनावरे यांपासून बचाव करण्यासाठी ते स्वतःच्या अंगात रसायने तयार करते. यातील अल्कलॉइड नावाचा गट बहुधा कडू आणि बऱ्याचदा विषारी असतो. सदाफुलीला गाईगुरे तोंड लावत नाहीत, ते यामुळेच. जे रसायन किडीच्या किंवा जनावराच्या पेशींना बाधते, ते योग्य मात्रेत वापरले तर झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींनाही रोखू शकते. थोडक्यात, ही औषधे म्हणजे मोजून मापून वापरलेली विषे आहेत.

कडुनिंबाचे उदाहरण आपल्या रोजच्या कामातले आहे. बांधावर कडुनिंब आहे म्हणून कपाशीवरची कीड जात नाही. निंबोळ्या गोळा कराव्या लागतात, ५ टक्के अर्क काढावा लागतो, वेळ साधून फवारावा लागतो. तयार बाटली आणली तर त्यात ॲझाडिरॅक्टिन १,५०० पीपीएम आहे की १०,००० पीपीएम, हे पाहूनच आपण मात्रा ठरवतो. कपाशीच्या बाबतीत जी काळजी आपण घेतो, ती माणसाच्या बाबतीत त्याहून कितीतरी जास्त घ्यायला हवी.

सदाफुली: मधुमेहाच्या शोधात सापडलेले औषध

सदाफुली (कॅथरँथस रोझियस) मूळची मादागास्कर बेटावरची. आज ती आपल्या प्रत्येक अंगणात आहे. मधुमेहासाठी तिची पाने वापरण्याची पद्धत केवळ आपल्याकडेच नाही, जमैकातही होती. १९५२ मध्ये तिथून काही पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्यापर्यंत पोहोचली. पानांच्या अर्काने साखर उतरते का, हे त्यांना उंदरांवर पाहायचे होते. साखर फारशी उतरली नाही. मात्र उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने दगावले.

मधुमेहाचा प्रयोग फसला होता, पण नोबल आणि त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी उलट बाजूने विचार केला. ल्युकेमिया म्हणजे रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात. मग पांढऱ्या पेशी घटवणारा हा घटक तिथे उपयोगी पडेल का? १९५८ मध्ये त्यांनी विन्ब्लास्टिन हा घटक जाहीर केला. त्यानंतर एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याच वनस्पतीतून विन्क्रिस्टिन मिळाले आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापराला परवानगी मिळाली. लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही अनेक औषधांच्या जोडीने विन्क्रिस्टिन दिले जाते. एकेकाळी जवळजवळ असाध्य असलेल्या या आजारातून आता वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळालेली बहुसंख्य मुले बरी होतात.

हे औषध काम कसे करते? पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक धाग्यांची एक चौकट उभी राहते. हे धागे गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. विन्क्रिस्टिन हे धागे उभेच राहू देत नाही, त्यामुळे पेशी दुभंगू शकत नाही आणि मरते. बिनबियांच्या कलिंगडासाठी पैदासकार रोपांना कॉल्चिसिन लावून गुणसूत्रांची संख्या दुप्पट करतात, हे कृषी पदवीधरांना आठवत असेल. तिथेही याच धाग्यांना अडवले जाते. आपल्या रानातील कळलावी विषारी आहे, ती याच कॉल्चिसिनमुळे.

असे धागे मज्जातंतूंतही असतात. म्हणून विन्क्रिस्टिन घेणाऱ्या रुग्णाच्या हातापायांना मुंग्या येणे, पोट साफ न होणे असे त्रास दिसतात. हे औषध फक्त शिरेतून देतात. चुकून पाठीच्या मणक्यात गेले तर रुग्ण दगावतो, इतके ते जहाल आहे.

हिशेब करून पाहू

आता शेतकऱ्याला पटेल असा हिशेब मांडू. १ ग्रॅम विन्ब्लास्टिन मिळवायला सदाफुलीचा सुमारे ५०० किलो वाळलेला पाला लागतो. विन्क्रिस्टिन तर आणखी कमी असते, त्याच्या १ ग्रॅमसाठी सुमारे २,००० किलो पाला लागतो. प्रौढ रुग्णाला एका वेळी साधारणपणे जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम विन्क्रिस्टिन देतात. म्हणजे १ ग्रॅममध्ये ५०० मात्रा, आणि एका मात्रेमागे ४ किलो वाळलेला पाला.

सकाळी चार पाने चावून किंवा मूठभर पानांचा काढा पिऊन औषधाची मात्रा कधीच मिळणार नाही. उलट त्या पानांत इतर अनेक अल्कलॉइड असतात, त्यांचा परिणाम शरीरावर होतो. केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात. त्याने वरून सदाफुलीचा काढा घेतला तर त्या आणखी घटण्याचा आणि जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. नोबल यांच्या उंदरांचे काय झाले, हे इथे आठवावे.

हाच हिशेब बाजाराच्या बाजूने पाहा. बागायती सदाफुलीचे हेक्टरी सुमारे ३.६ टन वाळलेला पाला असे उत्पादन धरले, तर त्यातून २ ग्रॅमही विन्क्रिस्टिन निघत नाही. तरीही १ किलो विन्क्रिस्टिन म्हणजे ५ लाख मात्रा होतात. पाल्यातून थेट काढायचे म्हटले तरी तेवढ्यासाठी साधारण ५५० हेक्टर पुरतात. शिवाय विन्ब्लास्टिनपासून विन्क्रिस्टिन बनवण्याची रासायनिक पद्धत उपलब्ध असल्याने प्रत्यक्षात पाला याहून कमी लागतो. औषध अनमोल आहे, पण कच्च्या मालाची बाजारपेठ अगदी अरुंद आहे. दोन तालुक्यांनी एकाच वर्षी सदाफुली लावली तर माल पडून राहील.

पुढची गोष्टही ध्यानात ठेवावी. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये जनुके घालून विन्ब्लास्टिनचे दोन मूळ घटक प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. ही पद्धत कारखान्यात परवडू लागली तर पाल्याची गरज आणखी कमी होईल.

नरक्या: औषध मिळाले, झाड गेले

या क्षेत्रातील एक मोठे नाव महाराष्ट्रात जन्मलेले आहे. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबईत शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे डॉ. मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. या दोघांनी कॅम्प्टोथेसिन (१९६६) आणि टॅक्सॉल (१९७१) या दोन घटकांची रचना जगापुढे मांडली. आज स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगात वापरले जाणारे पॅक्लिटॅक्सेल म्हणजेच टॅक्सॉल.

कॅम्प्टोथेसिन त्यांना एका चिनी झाडात सापडले होते. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी हाच घटक आपल्या सह्याद्रीतील नरक्या (नोथापोडायटिस निम्मोनियाना) या झाडात असल्याचे नोंदवले. काही भागात या झाडाला अमृता असेही म्हणतात. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील भरपूर पावसाच्या जंगलात ते वाढते.

दोर वळताना पीळ जास्त झाला की दोराला गाठी पडतात. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करताना तिथेही असाच पीळ चढतो. तो सोडवण्यासाठी एक विकर (एन्झाइम) डीएनएचा एक पदर कापते, पीळ सोडते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या विकराला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते. पदर जुळत नाही आणि पेशी मरते.

मात्र मूळ कॅम्प्टोथेसिन माणसाला झेपले नाही. १९७० च्या दशकातील चाचण्यांत त्याचे दुष्परिणाम इतके तीव्र दिसले की त्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच्या रचनेत बदल करून इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधे तयार झाली. त्यांना अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात इरिनोटेकन आजही वापरतात. झाडात घटक सापडण्यापासून औषध बाटलीत येईपर्यंत ३० वर्षे लागली, ती याच कामात गेली.

इकडे सह्याद्रीत मात्र दुसरेच घडले. घटक लाकडात, सालीत आणि मुळांत असल्याने माल गोळा करणाऱ्यांनी झाडे बुडापासून तोडली, मुळेही उकरली. परदेशातील मागणीमुळे चोरटी तोड वाढली आणि वनविभागाला तस्करीविरुद्ध वारंवार कारवाया कराव्या लागल्या. गावातल्या तोडणाऱ्याच्या हाती मजुरी आली, नफा दूर कुठेतरी गेला आणि झाड दुर्मिळ झाले.

टॅक्सॉलच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला होता. अमेरिकेतील यू वृक्षाची साल काढली की झाड मरत असे. मग युरोपातील यू वृक्षाच्या पानांतून एक जवळचा घटक काढून त्याचे टॅक्सॉल बनवण्याची पद्धत शोधली गेली. पाने छाटली तर पुन्हा फुटतात, झाड जगते. औषधी वनस्पती निवडताना झाडाचा कोणता भाग विकला जातो आणि तो काढल्यावर झाड जगते का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

विदर्भातील शेतकऱ्यांसाठी एवढेच: नरक्या सदाहरित, ओलसर जंगलातील झाड आहे. आपल्या मे महिन्याच्या उन्हात आणि काळ्या जमिनीत त्याची व्यापारी लागवड करण्याच्या भरीस पडू नये. वनक्षेत्रातून ते तोडणे गुन्हा आहे.

हळद आणि लक्ष्मणफळ: दावा आणि पुरावा

वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगल्या प्रतीच्या कुरकुमिनसाठी ती ओळखली जाते. कुरकुमिन कर्करोगाच्या पेशींना रोखते, असे प्रयोगशाळेतील असंख्य प्रयोगांत दिसले आहे. मग त्याचे औषध का झाले नाही? अडचण शरीरात शिरण्याची आहे. तोंडाने घेतलेले कुरकुमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते ते लवकर बाहेर टाकले जाते. काचेच्या बशीतील पेशींवर जेवढे प्रमाण वापरतात, तेवढे रक्तात पोहोचतच नाही. माणसांवरील चाचण्यांतून कर्करोग बरा करणारे औषध म्हणून ते सिद्ध झालेले नाही. भाजीतली हळद खुशाल खावी. कॅप्सूल किंवा चमचे भरून हळद घ्यायची असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, कारण काही औषधांच्या कामात ती अडथळा आणू शकते.

लक्ष्मणफळाबाबत (अनोना म्युरिकाटा, सीताफळाच्या कुळातील) अधिक सावध राहावे. 'केमोथेरपीपेक्षा १०,००० पट प्रभावी' हा संदेश मोबाईलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागे प्रयोगशाळेतील पेशींवरचे प्रयोग आहेत, रुग्णांवरील पुरावा नाही. उलट या झाडात अनोनासिन नावाचा घटक आहे आणि तो मज्जातंतूंना घातक ठरू शकतो. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर ही फळे आणि पानांचा चहा नेहमी घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा आजार जास्त दिसल्याचे १९९९ मध्ये नोंदवले गेले आहे. फळ म्हणून थोडी लागवड करणे वेगळे. 'कॅन्सरची पाने' म्हणून रोपे महागात घेणे म्हणजे रोपे विकणाऱ्याचा फायदा.

लावायचीच असेल तर

सदाफुलीला आजही खरेदीदार आहेत. पाने कर्करोगाच्या औषधांसाठी जातात, तर मुळे अजमॅलिसिन या घटकासाठी. तो रक्ताभिसरणाच्या विकारांवरील औषधांत वापरला जातो. खरेदीदार पक्का असेल तर पुढील बाबी पाहाव्यात.

• जमीन: हलकी ते मध्यम, पाण्याचा उत्तम निचरा होणारी. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की मर लागते.
• वाण: लखनौच्या सीमॅप संस्थेने निर्मल, धवल असे वाण विकसित केले आहेत. बियाणे ताजे असावे, जुन्या बियाण्याची उगवण घटते.
• पेरणी: पावसाळ्याच्या सुरुवातीला. थेट पेरणीसाठी हेक्टरी सुमारे २.५ किलो बियाणे वाळूत मिसळून पेरावे. रोपवाटिका केल्यास सुमारे ५०० ग्रॅम पुरते. अंतर ४५ × ३० सेंमी, म्हणजे हेक्टरी सुमारे ७४,००० झाडे.
• रोग: पाने बारीक होऊन फुले हिरवी पडू लागली की ती झाडे उपटून नष्ट करावीत. हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो.
• काढणी: पाने सहा आणि नऊ महिन्यांनी तोडावीत, तिसरी तोडणी बाराव्या महिन्यात काढणीच्या वेळी करावी. त्यानंतर खोड कापून मुळे खणून घ्यावीत.
• वाळवणी: सावलीत. बुरशी लागलेला किंवा मातीमिश्रित माल कारखाना परत पाठवतो.
• उत्पादन: कोरडवाहूत हेक्टरी सुमारे २ टन पाला आणि ०.७५ टन मुळे. बागायतीत सुमारे ३.६ टन पाला आणि १.५ टन मुळे (सर्व वाळलेले वजन).

करार करताना खरेदीदाराला चार प्रश्न विचारावेत. पाला घेणार, मुळे घेणार की दोन्ही? अल्कलॉइडचे प्रमाण कोणत्या प्रयोगशाळेत तपासणार? प्रमाण कमी भरले तर भाव काय? तुमची कमाई मालाच्या विक्रीतून आहे की बियाणे आणि रोपांच्या विक्रीतून? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. सफेद मुसळीच्या वेळी बेणे विकण्यातच पैसा होता. बेणे घेणारे नवे शेतकरी संपले, तेव्हा माल घेणारा कोणी उरला नव्हता. हा अनुभव जुन्या शेतकऱ्यांना विचारावा.

अधिक माहितीसाठी जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान येथे संपर्क साधावा. जैवविविधता कायद्यातील नोंदी आणि नियमांविषयी महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ मार्गदर्शन करते. त्याचे मुख्यालय नागपुरातच आहे. ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्याकडेही विचारणा करावी.

पाकिटावर काय छापता, ते पाहा

हळद पावडर, पानांचा चहा, अर्क विकणाऱ्या शेतकरी कंपन्यांनी आणि बचत गटांनी हा भाग नीट वाचावा. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार 'कॅन्सर बरा होतो' अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. पत्रक, पाकीट, मोबाईलवरील संदेश, प्रदर्शनातील फलक, सर्व जाहिरातीत मोडते. वायगाव हळद विकायची तर वाण, गाव, मानांकन आणि तपासलेले कुरकुमिनचे प्रमाण लिहावे. तेवढ्यावर चांगला भाव मागता येतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात कर्करोगाचा रुग्ण असेल तर घरचे लोक आधी झाडपाल्याबद्दल तुम्हालाच विचारतात, कारण वनस्पतींची माहिती तुम्हाला आहे असा त्यांचा विश्वास असतो. अशा वेळी तीन गोष्टी सांगाव्यात.

पहिली, उपचार थांबवू नका. गाठ लहान असताना जो रुग्ण बरा होऊ शकतो, तोच सहा महिने काढा पिऊन आला तर डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरत नाही. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. पैशाअभावी काढ्याकडे वळलेल्या कुटुंबाला ही माहिती सर्वांत जास्त उपयोगी पडते.

दुसरी, काढा किंवा पावडर सुरू असेलच तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून लपवले जाते आणि मग रक्ताचा अहवाल का बिघडला, हे कळत नाही.

तिसरी, कर्करोग होऊ न देणे अधिक सोपे आहे. आपल्या भागात खर्रा घरोघरी पोहोचला आहे. त्यातील तंबाखू आणि सुपारी, दोन्ही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. तीही वनस्पतीच आहेत आणि त्यांच्याबाबतचा पुरावा पक्का आहे. शेतीशाळेत, शिवारफेरीत सदाफुलीचा विषय निघाला की खर्ऱ्याचाही काढावा. तोंडात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या माणसाला लगेच तपासणीसाठी पाठवावे.